तू आलास, म्हणजे जा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, लियों शहरातल्या एका बेकरीत, पावाचं लिंग चुकल्याबद्दल मला सात माणसं आणि एक कुत्रा यांच्यासमोर दुरुस्त करण्यात आलं.

आज शुक्रवार. अजून डोक्यातून जात नाही. ही म्हणते, "एवढं काय त्यात?" हिचं काय जातंय म्हणायला. हिने चौदा महिने क्रियापदं पाठ केलेली नाहीत.

लेक लियोंला असते, क्रुआ-रूसच्या टेकडीवर. बँकेतून निवृत्त झाल्यावर पार्ल्यात नुसतं बसून काय करायचं म्हणून मी फ्रेंचच्या क्लासला जायला लागलो. पहिल्याच दिवशी कळलं, की फ्रेंचमध्ये ‘पार्ले’ म्हणजे बोलणं. आम्हा पार्लेकरांना ही काही बातमी नव्हे.

शेवटच्या सत्रात बाईंनी एक काळ दाखवला. माळ्यावरचं पितळी घंगाळ खाली काढावं, सगळ्यांना दाखवावं आणि पुन्हा वर ठेवून द्यावं, तसा दाखवला. ‘अँपार्फे द्यु स्युब्जोंक्तिफ’. म्हणाल्या, "हा फक्त ओळखायला शिका, वापरू नका." आता मला सांगा, चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला असं सांगतात का? तिजोरी दाखवायची आणि म्हणायचं हात लावू नका!

हा काळ म्हणजे आपल्या विध्यर्थाचा चुलत आजोबा. ‘त्याने यावं’ यातल्या ‘यावं’सारखं रूप फ्रेंच लोक अजून रोज वापरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘त्याने यावं असं मला वाटत होतं’ म्हटलं, की जुन्या शिस्तीप्रमाणे ‘वाटत होतं’च्या मागोमाग ‘यावं’नेही भूतकाळात जायचं. नवऱ्याची बदली झाली की बायकोनेही बिऱ्हाड हलवायचं, तसं. आणि या हलवलेल्या बिऱ्हाडाची रूपं अशी, की मराठी माणसाला वाटावं आपण आपल्याच घरी आलो. गाणे या क्रियापदाचं रूप ‘शाँतास’. देणे, ‘दोनास’. शाळेत ‘स, ला, ते’ घोकलेला माणूस हे वाचून हरखणार नाही तर काय! शांतास पत्र, दोनांस निरोप. करणेचं रूप ‘फीस’, पाहणेचं ‘वीस’. आणि जाणे? तिथे तर मी वहीच मिटली. ‘तू जावंस’ याचं फ्रेंच रूप होतं ‘त्यु आलास’. दाराशी उभ्या पाहुण्याला आपण म्हणतो ‘तू आलास!’ आणि तो जर जुन्या वळणाचा फ्रेंच असेल तर त्याला ऐकू येतं की याने जावं. गैरसमजाला इतकी सोयीची भाषा मी दुसरी पाहिली नाही.

तर मी या काळाच्या प्रेमात पडलो. तृतीय पुरुषी एकवचनाला हे लोक स्वरावर एक टोपी घालतात. ‘फ्यू’ म्हणजे ‘होता’, आणि टोपीवाला ‘फ्यू’ म्हणजे ‘असावा’. उच्चार तोच. टोपी फक्त कागदावर. कधीकाळी तिथे ‘स’ होता, तो गेला आणि त्याची टोपी खुंटीवर राहिली. आपलं हॉस्पिटल त्यांच्याकडे ‘ओपिताल’ झालं तेव्हाही त्यातला ‘स’ असाच गेला आणि टोपी ठेवून गेला. मी टोप्या मोजत लोकलने घरी यायचो. ही विचारायची, "आज काय शिकलात?" मी म्हणायचो, "की मी असावो, की तू असावास." ही म्हणायची, "भाजी आणलीत का?"

आता बेकरी.

लेकीने सांगितलं होतं, "बाबा, बूल आणा. गोल असतो तो. आणि कापून आणा, घरची सुरी बोथट आहे." तिथे काउंटरमागे पाव कापायचं यंत्र असतं. ‘कापून?’ एवढंच मुलगी विचारते, आणि ‘वी’, म्हणजे हो, एवढंच म्हणायचं असतं. हे मला ठाऊक होतं. पण घरून निघतानाच मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. चढावर तीनदा म्हणून पाहिलं होतं. माझा नंबर आला. बाँजूर झालं. काउंटरवरची मुलगी विशीची असेल, नाकात बारीक रिंग. तिने पाव उचलला, आणि ती विचारायच्या आत मी म्हणालो,

"जोरे एमे क वू ल त्रांशासिए."

व्याकरण चोख होतं. कानाला कसं लागलं असेल ते मराठीत सांगतो. पार्ल्याच्या बाजारात पाववाल्यासमोर उभं राहून कुणी म्हणावं, "बा पावविक्रेत्या, या लादीची तुम्ही शकले करावीत ऐसी मनीषा मी धरिली होती."

मुलगी म्हणाली, "पार्दों?"

इथे ‘वी’ म्हणून सुटता आलं असतं. मी सगळं वाक्य पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आऽऽ!" वारलेल्या काकांचा आवाज फोनवर ऐकू यावा तसा. वळून पाहिलं तर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ. गळ्यात मफलर, हातात कापडी पिशवी, पायाशी एक आखूड पायांचा कुत्रा. त्यांचे डोळे पाणावले होते. निदान मला तसं वाटलं; सर्दीही असेल.

"त्रांशासिए!" ते रांगेला म्हणाले. "ऐकलंत? मस्यनी त्रांशासिए म्हटलं!" मस्य म्हणजे साहेब, म्हणजे मी.

रांगेने ऐकलं होतं.

मी सुखावलो. चौदा महिन्यांचं चीज झालं म्हणतात ते हेच. आणि मग म्हातारबुवांनी बोट वर केलं. "पण ‘ल’ नाही, मस्य. ‘ला’. बूल स्त्रीलिंगी आहे. युन बूल. ला त्रांशासिए."

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे पाव पुल्लिंगी. तो पोर्तुगीजांकडून आला, ‘पाँव’ म्हणून, तेव्हाही पुल्लिंगीच होता. गोल केला म्हणून तो बाई कसा काय होतो? आणि गंमत म्हणजे ज्या पोर्तुगीजांनी पाव दिला त्यांच्या भाषेत हाच काळ आजही धडधाकट आहे. ‘मला माहीत असतं तर’ एवढं साधं म्हणायलाही तो लागतो. स्पॅनिशमध्ये आहे, इटालियनमध्ये आहे, कोणी हसत नाही. फ्रेंचांनीच तेवढा माळ्यावर टाकला. कारण काय, तर कानाला बरा लागत नाही. त्यांच्याकडे ‘आस’ हा शेवट हिणवायला वापरतात. ‘फादास’ म्हणजे मिळमिळीत, ‘पापरास’ म्हणजे कागदांचा नको तो पसारा. म्हणजे भाषेने स्वतःच काढलेल्या आवाजाची स्वतःलाच लाज वाटली.

"आपण पाँडिचेरीचे," गृहस्थ म्हणाले. विचारलं नाही, ठरवलं.

"नाही, मुंबई."

"पाँडिचेरीत अजून चांगलं फ्रेंच बोलतात."

"मी मुंबईचा. ज स्वी द पार्ले," मी म्हणालो. म्हणजे मी पार्ल्याचा.

"वी, वी, पार्ले, मस्य, पार्ले!" म्हणजे बोला हो, बोला!

"पार्ल्याचा!"

"म्हणून तर म्हणतो, बोला!"

हे तीनदा झालं. मुलगी माझा बूल छातीशी धरून उभी. गृहस्थांनी माझी तोंडी परीक्षाच सुरू केली. "साव्हुआर?" म्हणजे जाणणे. मी मान ताठ करून सुरू झालो, की मी जाणावे, की तू जाणावेस. ‘क नू स्यूसियों’पर्यंत आलो आणि मागची दोन पोरं फिसकन हसली. कारण या उच्चाराचा दुसरा अर्थ होतो ‘आम्ही चोखत होतो’. बाईंनी हे सांगितलं नव्हतं. फी मात्र पूर्ण घेतली होती.

गृहस्थांना हसण्याचं काही नव्हतं. ते हुकुमांवर आले होते. घरातल्या माणसाची तिथी सांगावी तशा त्यांनी दोन तारखा सांगितल्या. २६ फेब्रुवारी १९०१ : सरकारने जाहीर केलं की परीक्षेत काही वाक्यांत या काळाऐवजी ‘यावं’चं साधं वर्तमान रूप लिहिलं तरी चालवून घेऊ. २८ डिसेंबर १९७६ : आणखी सूट. "चालवून घेऊ!" ते कुत्र्याकडे बघून म्हणाले. १६३५ पासून फ्रेंच भाषा राखायला अकादमी आहे, ‘अमर’ म्हणवणारे चाळीस सदस्य तिथे बसतात, आणि तरी ही वेळ! मग ते लॅटिनमध्ये शिरले. ‘आमाविसेत’ झिजत झिजत टोपीवाला ‘एमा’ कसा झाला, ते हातवारे करून सांगू लागले. मधेच कुत्रा उठला तर त्याला म्हणाले, "आसी!" बस. तो बसला. कुत्र्याला एकच अर्थ ठाऊक, आज्ञार्थ. रांगेत सर्वांत सुखी तोच होता.

शेवटी एक बाई, लहान मुलाचा हात धरलेली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुमचं फ्रेंच किती गोड आहे."

हे मला लागलं. म्हातारा परवडला, त्याने निदान मला चूक करू शकणारा माणूस तरी मानलं. गोड म्हणजे काय? कडेवरच्या पोराने ‘पाप्पा’ म्हटलं की गोड. ज्याला भाषा येते त्याला कोणी गोड म्हणत नाही. चुकलो तर परका, चुकलो नाही तर गंमत. मग मी करायचं तरी काय? आणि तेव्हाच, का कोण जाणे, मला पार्ले स्टेशनबाहेरचा भाजीवाला आठवला. एकदा तो ‘आनि’ म्हणाला आणि मी गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, "आणि. ण, बाणातला." पोरगा हसला होता. त्या दिवशी कोथिंबीर कमी का दिली असेल, ते आता कळतंय.

या सगळ्यात मुलीने एकच निष्कर्ष काढला, की मला पाव कापून नको. अख्खा बूल कागदात गुंडाळून दिला. मीही मुकाट घेतला. घरी नातीने विचारलं, "आजोबा, कापून नाही आणला?" घडलं ते सांगितलं. ती तिसरीत आहे. म्हणाली, "असं कोणी बोलत नाही, आजोबा." बोथट सुरीने मी तो स्त्रीलिंगी पाव अर्धा तास कापत होतो.

बुधवारी ही गेली. हिला फ्रेंचचे दोन शब्द येतात, ‘बाँजूर’ आणि ‘सा’. सा म्हणजे हे. बोटाने बूल दाखवला, म्हणाली "सा", आणि तळहातावर दुसरा हात कोथिंबीर चिरल्यासारखा चालवला. बारा मिनिटांत घरी. काप एकसारखे.

काल मी पुन्हा गेलो. मुद्दाम उशिरा, म्हणजे गर्दी नसेल. तर माझ्या पुढे तोच मफलर, तोच कुत्रा. मला पाहिलं नव्हतं त्यांनी. त्यांचा नंबर आला. मुलीने त्यांच्यासाठी बूल उचलला. मी कान टवकारले, वही नव्हती म्हणून हळहळलो. अंगरख्याच्या बाहीवर तरी लिहून घ्यावं, असं काहीतरी आता ऐकायला मिळणार.

"कापून," गृहस्थ म्हणाले. आणि सुटे पैसे मोजू लागले.