'विटनेस' सिनेमा, आमिश लोक आणि लसीबद्दलची थाप

मामांनी आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय. वर 'विटनेस' या १९८५ च्या सिनेमाचा फोटो, म्हणजे हॅरिसन फोर्ड आणि काळ्या कपड्यातली आमिश मंडळी (अमेरिकेतला जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिश्चन पंथ), आणि खाली सात-आठ दावे. सिनेमा सत्यघटनेवर आहे. आमिश लोक लस घेत नाहीत म्हणून त्यांच्यात ऑटिझम नाही. कॅन्सर नाही, जन्मजात आजार नाहीत. गुन्हे नाहीत. वीज नाही, टॅक्स नाही, आणि म्हणून अमेरिकन सरकार त्यांना हळूहळू संपवतंय. नेहमीसारखं दुर्लक्ष केलं असतं, पण रात्री मामेबहिणीचा मेसेज आला की ताई, बाळाची नऊ महिन्यांची गोवराची लस जरा पुढे ढकलू का. मग मात्र डोकं फिरलं. म्हणून हे लिहितेय, ज्यांच्याकडे तो फॉरवर्ड गेलाय त्या सगळ्यांसाठी.

सिनेमाचं आधी उरकते. सत्यघटना वगैरे काही नाही. विधवा रेचल आपल्या पोराला घेऊन निघते, फिलाडेल्फियाच्या रेल्वे स्टेशनात पोरगा बाथरूममध्ये खून बघतो, खुनी पोलिसातलाच निघतो आणि तपास करणारा जॉन बुक गोळी लागलेल्या अवस्थेत त्यांच्या शेतावर लपतो, ही सगळी लेखकांनी रचलेली गोष्ट आहे आणि ओरिजिनल स्क्रीनप्लेचं ऑस्कर त्यासाठीच मिळालं. दिग्दर्शक पीटर वीअर ऑस्ट्रेलियन. शूटिंग मात्र खरोखर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत झालं, पण पडद्यावर दिसणारे आमिश हे आमिश नाहीतच, कारण कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्यांना मान्य नाही. उलट त्यांनी या सिनेमाला विरोध केला होता. जॉन होस्टेटलर म्हणून टेम्पल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ होते, स्वतः आमिश घरात जन्मलेले, त्यांनी जाहीरपणे हरकत घेतली होती की जी माणसं हिंसेपासून आणि प्रसिद्धीपासून लांब राहतात त्यांच्याच अंगणात तुम्ही गोळीबाराचा सिनेमा काढताय. हे फॉरवर्डवाल्याला माहीत असणं शक्यच नाही. सिनेमा चांगला आहे, जरूर बघा, मला स्वतःला फार आवडतो. पण तो आरोग्याचा पुरावा नाही.

आता लस. यावर मी सविस्तर बोलणार आहे कारण बाकीच्या थापांनी कुणाचं फार बिघडत नाही, हिने बिघडतं.

पहिली गोष्ट, आमिश धर्मात लसीला बंदी नाहीये. काही घरं घेतात, काही घेत नाहीत, बरेच जण थोड्या घेतात आणि थोड्या सोडतात. बाकी अमेरिकेपेक्षा प्रमाण कमी आहे हे खरं. आणि प्रमाण कमी असल्यावर काय होतं ते बघायचं असेल तर २०१४ चं अमेरिकेतलं ओहायो राज्य बघा. चक्रीवादळानंतर मदतीसाठी फिलिपिन्सला गेलेले आमिश लोक गोवर घेऊन परत आले आणि मार्च ते जुलै या चार महिन्यांत ३८३ जणांना गोवर झाला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१६ साली याचा पूर्ण अभ्यास छापून आलाय. त्या ३८३ पैकी ३४० जणांनी लस घेतलेली नव्हती. ज्या आमिश घरांत गोवर शिरला तिथे एमएमआरचा, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा, निदान एक डोस घेतलेले अंदाजे १४ टक्के, आणि आजूबाजूच्या ओहायोत ८८ टक्क्यांच्या वर. साथ जवळजवळ सगळीच्या सगळी आमिशांतच राहिली, शेजारचे बिगर-आमिश वाचले. ती आटोक्यात कशी आली? पेशंट वेगळे ठेवून, आणि दहा हजारांहून जास्त लोकांना एमएमआर टोचून. म्हणजे ज्या लोकांचं नाव घेऊन 'लस नको' म्हणताय त्यांच्या वस्तीतली साथ लसीनेच थांबवली. याच्या आधी १९७९ ला पोलिओ आला होता. अमेरिकेत आतल्या आत पसरलेली पोलिओची ती शेवटची साथ, आणि तीही आमिश वस्त्यांतच.

ऑटिझमचं तर सरळ सरळ खोटं आहे. लँकेस्टर काउंटीतच, जिथे हा सिनेमा शूट झाला त्याच भागात, स्ट्रासबर्ग गावात डॉ. होम्स मॉर्टन यांनी १९८९ साली एक क्लिनिक सुरू केलं, क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन. आमिश आणि मेनोनाइट (आमिशांच्या जवळचा दुसरा ख्रिश्चन पंथ) मुलांमधले आनुवंशिक आजार हेच त्यांचं काम. या क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००६ साली, पुन्हा त्याच जर्नलमध्ये, आमिश मुलांमध्ये सापडलेल्या एका जनुकीय दोषाबद्दल लिहिलं. त्या मुलांना लहानपणीच फिट्स सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांत ऑटिझमची लक्षणं दिसली होती. आता सांगा, 'आमिशांत ऑटिझम नाही' हे आलं कुठून? कुणीतरी नीट न शोधता म्हणालं, दुसऱ्याने उचललं, आता मराठीत भाषांतर होऊन आपल्या घरात पोचलं.

'जन्मजात आजार नाहीत' याचंही उत्तर तेच क्लिनिक आहे. अठराव्या शतकात आलेल्या थोड्याशा कुटुंबांपासून हा समाज वाढलाय आणि लग्नं आपापसांतच होतात, त्यामुळे काही दुर्मिळ आजार तिथे जास्तच दिसतात. बुटकी उंची, हाताला सहावं बोट आणि हृदयात दोष असा एक आजार आहे, त्यावर व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६४ मध्येच लँकेस्टरच्या आमिशांचा अभ्यास करून लिहिलंय. आणि सिनेमात सगळा गाव मिळून धान्याचं कोठार उभं करतो तो सीन आठवतो ना, तसं एकत्र येऊन बांधणं त्यांच्यात खरंच आहे, आणि या क्लिनिकची इमारतसुद्धा आमिश आणि मेनोनाइट लोकांनी तशीच हाताने उभी केलीय. स्वतःच्या पोरांच्या आजारासाठी दवाखाना बांधणारी माणसं ही, त्यांना औषधविरोधी म्हणून मिरवू नका.

आणि हे अमेरिकेतलं लांबचं प्रकरण आहे असंही नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली होती, लहान मुलं गेली त्यात, आणि त्यातल्या अनेकांचे डोस राहिलेले होते. आपल्याकडे पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देतात, सरकारी केंद्रात फुकट. पण मुद्दाम ढकलायचं काहीही कारण नाही.

कॅन्सरच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. ओहायोतल्या एका अभ्यासात आमिशांमधलं कॅन्सरचं प्रमाण बाकी राज्याच्या साधारण ६० टक्के निघालं होतं. कमी आहे, शून्य नाही. आणि कारण लस न घेणं हे नाही, तंबाखू कमी आणि अंगमेहनत प्रचंड. कॅनडातल्या आमिशांना पावलं मोजायची मशीनं लावली तर पुरुष दिवसाला १८ हजारांवर आणि बायका १४ हजारांवर पावलं चालत होत्या. हे फॉरवर्ड करा की, खुशाल करा.

गुन्हे नाहीत म्हणे. २०११ ला ओहायोत एका आमिश गटानेच दुसऱ्या आमिशांच्या दाढ्या जबरदस्तीने कापल्या, त्यावर फेडरल कोर्टात खटला चालला. घरातल्या लैंगिक अत्याचाराच्या केसेसही कोर्टात आल्यात. आणि २ ऑक्टोबर २००६ ला लँकेस्टर काउंटीतल्या निकेल माइन्सच्या आमिश शाळेत बाहेरच्या माणसाने शिरून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच गेल्या. त्यानंतर आमिश लोक त्या खुन्याच्या बायकोमुलांचं सांत्वन करायला गेले. ही माणसं मोठी आहेत ती अशा वागण्यामुळे, त्यांच्या वाट्याला वाईट काही येतच नाही म्हणून नाही.

राहिलेलं पटकन. वीज अजिबात नाही असं नाही, बाहेरून येणाऱ्या विजेच्या तारा घरात घेत नाहीत पण बॅटरी, सोलर, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं बऱ्याच ठिकाणी चालतात, प्रत्येक वस्तीचे नियम वेगळे. टॅक्स भरतात, इन्कम टॅक्स, घरपट्टी सगळं. सूट आहे ती सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शन योजनेपुरती, १९६५ पासून, आणि तिचे फायदेही ते घेत नाहीत. सरकार संपवतंय हे किती खोटं आहे ते तर आकडे बघूनच कळतं, सिनेमा आला तेव्हा हे लोक लाखाच्या आसपास होते, आज चार लाखांच्या घरात आहेत आणि अमेरिकेच्या तीसेक राज्यांत पसरलेत.