घरखर्च शून्य कसा करावा

प्रोप्रायटर असण्याचं सुख नोकरदाराला कळायचं नाही. त्याचा कर पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो. तुम्ही आधी खर्च करता, मग काही उरलंच तर त्यावर कर भरता. आणि काही उरू द्यायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्या कल्पनाशक्तीवर आहे. समजा, नाशिकच्या अंबडला तुमचं जॉबवर्कचं शेड आहे, दोन लेथ, हाताखाली दोन पोरं, आणि घर पाथर्डी फाट्याला. घरखर्च शून्यावर आणायला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

पहिली गोष्ट, जीएसटी नंबर तोंडपाठ हवा. फ्रीज घेतलात की काउंटरवर तो खणखणीत आवाजात सांगायचा. बिलावर फर्मचं नाव लागलं की फ्रीज घरच्या ओट्याशेजारी उभा असला तरी कागदोपत्री तो लेथचं कूलंट गार ठेवतो. स्वतःच्या वापराच्या वस्तूवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही असं जीएसटी कायद्याचं कलम 17(5) म्हणतं, पण तुमचा ओटा कुठे आहे हे त्या कलमाला काय ठाऊक? किराण्याचंही तसंच. साडेचार हजारांच्या बिलात एक जेल पेन टाकायचं. मग तूरडाळ, शाम्पू, बासमती सगळं स्टेशनरी. पेन विसरलात तर ‘स्टाफ वेल्फेअर’ आहेच. ती दोन पोरं डबा घरून आणतात, ही त्यांची खाजगी बाब.

गाडीचं प्रकरण जरा निवांत समजून घ्या, कारण शेठ लोक इथेच सगळ्यात जास्त हुशारी दाखवतात. बारा लाखांची गाडी फर्मच्या नावावर घ्यायची, घसारा, म्हणजे गाडी झिजते म्हणून मिळणारी वजावट, 15 टक्के, पहिल्या वर्षी 1,80,000. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. आता कायदा म्हणतो की गाडी थोडी धंद्याला, थोडी घराला वापरत असाल तर धंद्याच्या वाट्याचा खर्च घ्या, बाकीचा सोडा. म्हणजे मिश्र खर्चाला कायद्याची ना नाहीच! फक्त कुठल्या तारखेला, कुठे, कशासाठी आणि किती किलोमीटर गेलात, हे वहीत लिहायचं. सिन्नरला माल पोचवला, लिहिलं. वणीला गडावर गेलो, लिहिलं आणि वगळलं. इतकं सोपं काम करणारा माणूस नाशकात माझ्या तरी पाहण्यात नाही. आपण काय कारकून आहोत का? शंभर टक्के धंदा, विषय संपला.

आणि खरेदी मुहूर्तावरच करा. गाडी त्या आर्थिक वर्षात 180 दिवस वापरात नसेल तर घसारा निम्माच मिळतो, म्हणजे ऑक्टोबर उजाडता उजाडता ती रस्त्यावर आलेली बरी. 2026 चा दसरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि गुढीपाडवा तर मार्चमध्येच होऊन गेला. खोटे खर्च रचण्यात रात्री घालवायच्या आणि हक्काचे 90,000 झेंडूच्या तोरणापायी पुढे ढकलायचे, याला म्हणतात संस्कृती.

फास्टॅगकडे मात्र लक्ष असू द्या. तो फार चहाडखोर. रविवारी सकाळी सातला मुंबईच्या वाटेवर घोटीचा टोल, रात्री अकराला परत घोटी. मुंबईत रविवारी कोणती कंपनी उघडी होती, हे आत्ताच ठरवून ठेवा. शिंदे गावचा टोल त्यातल्या त्यात बरा, सिन्नरच्या एमआयडीसीचं नाव सांगता येतं. फक्त तो दिवाळी पाडव्याचा नसावा. कॉलेज रोडला नो पार्किंगमध्ये बसलेला दंडही खर्चात टाकून बघा. कायदा मोडल्याचा दंड धंद्याचा खर्च धरत नाहीत, पण बघायला काय जातं?

आता वहिनी. त्यांना मॅनेजर करा, महिना 30,000. शेड कुठल्या गल्लीत आहे एवढं त्यांना सांगून ठेवा, विचारलं तर पंचाईत नको. नवऱ्याच्या फर्ममधला पगार तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञानाच्या जोरावर मिळत नसेल तर तो फिरून नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो, हे त्यांना सांगू नका. येवल्याची पैठणी ‘युनिफॉर्म’मध्ये घाला. 2027 च्या सिंहस्थाला गावभरचे पाहुणे उतरतील, त्यांचा चहा-नाश्ता ‘बिझनेस डेव्हलपमेंट’.

या गडबडीत धंद्याचा खरा खर्च नोंदवायला अर्थातच वेळ मिळत नाही. टेम्पोवाल्याची पावती खिशातच धुतली गेली. घरूनच कोटेशनं पाठवता, तर त्या खोलीच्या विजेचा वाजवी हिस्सा घेता आला असता, तो राहिला. लोखंडवाल्याला 18,000 रोख मोजले. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिलं की तो खर्च, अगदी खरा असला तरी, नामंजूर. पैठणी वहीत आहे, लोखंड नाही.

काही मंडळी याच्याही पुढे गेलेली. ते अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरतात: उलाढालीच्या 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरायचा, संपलं. खर्च त्यात आधीच वजा धरलेला असतो, वेगळा मागताच येत नाही. तरी ही मंडळी वर्षभराची बिलं पिशवीत भरून मार्चअखेर सीएच्या टेबलावर ओततात. श्रद्धेला उत्तर नसतं.

1 एप्रिल 2026 पासून 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा नवा आला. कलमांचे आकडे बदलले, पण खर्च ‘संपूर्णपणे आणि केवळ’ धंद्यासाठी झालेला असावा, ही अट सरकारला काढायची सुचली नाही. चौकशी आता समोरासमोर होत नाही, सगळं पोर्टलवर, त्यामुळे गरीब चेहरा करून बसायची सोयही गेली. प्रश्नही फ्रीजचा येत नाही. साधा येतो: कुटुंबात चार माणसं, मुलगा क्लासला, आणि धंद्यातून घरखर्चाची वर्षाची उचल 48,000. महिन्याला 4,000. जेवता काय?

इथे तुमची कला पणाला लागते. कारण एक तर सांगायचं की घरात बारा महिने चातुर्मास असतो. नाहीतर मान्य करायचं की तूरडाळ स्टाफ वेल्फेअरमध्ये शिजली. पहिलं पटलं नाही तर अधिकारी स्वतःच घरखर्चाचा अंदाज बांधतात आणि वरचा फरक उत्पन्नात मिळवतात. दुसऱ्यात खर्च तर जातोच, वर पुराव्याविना दाखवला म्हणून त्यावरच्या कराच्या 200 टक्के दंड. दामदुप्पट इतक्या लवकर कुठली पतसंस्थाही देत नाही.

अर्थात आयकर खात्याचं असं पत्र प्रत्येकाला येत नाही. तुम्हाला नाही आलं, तर गंगापूर रोडच्या टू बीएचकेसाठी कर्ज मागायला जा. बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागेल. इतकी वर्षं मेहनतीने घटवलेला नफा साहेब दोनदा वाचतील आणि अतिशय आदराने म्हणतील, “शेठ, यात हप्ता बसत नाही. जामीनदार कोणी नोकरदार आहे का?” भाच्याला फोन लावा. तोच तो, पगारातून कर कापला जाणारा.

आणि पत्र आलंच, तर सीएंकडे पळा. रात्री जागून ते उत्तर लिहून देतील, पैठणीला युनिफॉर्म का म्हटलं याचीही काहीतरी सोय लावतील. त्या कामाची त्यांची फी तेवढी निखळ धंद्याचा खर्च आहे. पावती मागून घ्या, आणि पैसे रोख देऊ नका.