याकोबाच्या घरातली भांडणं

नोव्हेंबर सरत आला की जगभरातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत, याकोबाची पाळी येते. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. ज्यू समाज ती दर शनिवारी एक भाग अशी वर्षभरात वाचून संपवतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून धरतो. त्यामुळे दर हिवाळ्याच्या तोंडाशी तोच मूळपुरुष समोर येतो. आंधळ्या बापाला फसवणारा, भुकेल्या भावाकडून मसुराच्या वरणाच्या बदल्यात थोरलेपणाचा हक्क विकत घेणारा, बायकांत आणि मुलांत उघड डावं-उजवं करणारा. याच माणसाला पुढे इस्रायल हे नाव मिळतं आणि अख्खा समाज त्याच्या नावाने ओळखला जातो.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात शनिवारी सकाळी प्रार्थनेआधी हा भाग मिळून वाचतात. शेजारणीने बोलावलं म्हणून मी जाऊ लागले, आता नेमाने जाते. मी ज्यू नाही, सातारा जिल्ह्यातल्या वारकरी घरातली आहे. त्यावरून तिथे कुणी आडकाठी केली नाही. निवृत्त वकील, शाळेतल्या बाई, हॉस्पिटलमधली परिचारिका, कॉलेजातली दोन-तीन मुलं असे सगळे लांब टेबलाभोवती बसतात आणि आपल्या पणजोबांच्या पणजोबांची उलटतपासणी करतात. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मध्येच एखादा प्रश्न टाकून गप्प बसतात. कुणाच्या भावना दुखावल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. आणि शेवटी त्याच पूर्वजाचं नाव घेऊन सगळे प्रार्थनेला उभे राहतात.

मराठी वाचकांसाठी गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण तिची खरी ताकद तपशिलात आहे. याकोबाचा बाप इसहाक म्हातारा झालाय, दिसत नाही. थोरल्या एसावाला तो म्हणतो, शिकार करून आण, मला आवडतं तसं रांधून घाल, मग आशीर्वाद देतो. आई रिबका हे ऐकते. तिचा जीव धाकट्या याकोबावर. ती करडाचं मांस शिजवते, एसावाचे कपडे याकोबाला घालते आणि एसाव अंगाने केसाळ म्हणून याकोबाच्या हातांना, मानेला करडाचं कातडं बांधते. म्हातारा हात चाचपडून म्हणतो, आवाज याकोबाचा आहे, पण हात एसावाचे. तरी आशीर्वाद देतो. पाठोपाठ एसाव येतो, काय झालं ते कळतं, आणि तो रांगडा शिकारी हंबरडा फोडतो: बाबा, तुमच्यापाशी एकच आशीर्वाद होता का? मलाही द्या.

हा हंबरडा ग्रंथाने गाळलेला नाही. आशीर्वाद मिळालेल्याच्या वंशजांनी लिहिलेल्या, जपलेल्या पुस्तकात आशीर्वाद हुकलेल्याचं रडणं शब्दाशब्दाने ठेवलंय. बेरेशीत रब्बा या जुन्या टीकासंग्रहातले रब्बी तर आणखी पुढे जातात. याकोबाने एसावाला एकदा रडवलं, त्याची फेड कुठे झाली? पिढ्यानपिढ्या उलटल्यावर पर्शियातल्या शूशन नगरीत, जेव्हा त्याचाच वंशज मर्दखय तसाच मोठ्याने, कडवटपणे ओरडला. अशी वसुली ते स्वतःच्या लोकांवर लावतात.

पुढे याकोब मामाकडे, लाबानाकडे पळतो. मामाच्या धाकट्या मुलीवर, राहेलवर जीव जडतो, तिच्यासाठी सात वर्षं राबतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर शेजारी थोरली, लेआ. जाब विचारल्यावर लाबान सांगतो, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत. थोरल्याला डावलून आलेल्या माणसाला हे वाक्य ऐकावं लागतं. बेरेशीत रब्बामध्ये त्या रात्रीची आणखी हकीकत आहे. रात्रभर तो राहेल म्हणून हाक मारत होता आणि लेआ ओ देत होती. सकाळी तो चिडला, फसव्याची फसवी लेक म्हणाला. ती म्हणाली, शिष्य नाहीत असा कुणी गुरू असतो का? तुझे वडील एसाव म्हणून हाक मारत होते तेव्हा तू ओ दिलीस ना?

लेआच्या तोंडी हे उत्तर मूळ ग्रंथात नाही. तिथे त्या सकाळी ती गप्पच आहे. पुढे ती नावडती होती, हे मात्र ग्रंथ सांगतो. कित्येक शतकांनी तिची बाजू कुणालातरी सुचली, आणि सुचली म्हणून कुणाला वाळीत टाकलं नाही, उलट ती टीकेत कायमची राहिली. त्या शनिवारी आमच्यातल्या परिचारिकेने विचारलं, “त्या रात्री लेआला कुणी विचारलं होतं का, तुला हे लग्न करायचंय का?” टेबलावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला स्वतःला सगळ्यात अस्वस्थ करतं ते एसावाच्या भेटीचं पान. वीस वर्षांनी याकोब परत निघालाय आणि एसाव चारशे माणसं घेऊन सामोरा येतोय. याकोब भेट म्हणून शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवं पुढे पाठवतो, एकंदर साडेपाचशेच्या वर जनावरं. रात्री यब्बोक नदीच्या काठी एका अनोळखी पुरुषाशी पहाटेपर्यंत झुंजतो आणि जांघेचा सांधा निखळून लंगडत उठतो. मग एसाव दिसतो, आणि याकोब कुटुंबाची रांग लावतो. सगळ्यात पुढे दासी आणि त्यांची मुलं, त्यांच्या मागे लेआ आणि तिची मुलं, शेवटी राहेल आणि योसेफ. हल्ला झालाच तर कोण आधी मरायचं, ते बापाने मुलांच्या देखत ठरवलं. तो स्वतः मात्र सगळ्यांच्या पुढे चालत गेला, हेही ग्रंथ सांगतो. आणि एसाव? तो धावत येतो, गळ्यात पडतो, दोघे रडतात.

त्या रांगेत कितवे होतो, हे मुलं विसरली असतील का? पुढच्याच भागात ती योसेफाला विकतात, वीस रुप्याच्या नाण्यांना. त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवतात: ओळखा, हा तुमच्या मुलाचा का? करडाचं मांस आणि भावाचे कपडे वापरून बापाला फसवलेल्या माणसाला त्याची मुलं बकऱ्याच्या रक्ताने आणि भावाच्या कपड्याने फसवतात. ग्रंथकार यावर एक शब्दही भाष्य करत नाही. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या चर्चाग्रंथातले रब्बी मात्र रोखठोक बजावतात की मुलामुलांत फरक करू नये, योसेफाला जास्त मिळालेल्या दोन सेला वजनाच्या रेशमापायी भाऊ मत्सराने पेटले आणि आपल्या पूर्वजांना मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये जावं लागलं. तिथला राजा फारो वय विचारतो तेव्हा याकोब स्वतः म्हणतो, एकशे तीस वर्षं, थोडी आणि दुःखाची.

आता इकडून तिकडे पाहते. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र लेखनाच्या चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं. त्यातल्या राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून राज्य पेटलं. परिशिष्ट काढायचं ठरलं, मग दलित संघटनांचा मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, शेवटी मजकूर ठेवून त्यातली मतं सरकारची नाहीत अशा अर्थाची टीप घालण्यावर १९८८ मध्ये तडजोड झाली. कायदा-सुव्यवस्थेच्या नजरेने तोडगा ठीक होता. पण बाबासाहेबांनी त्या पानांत विचारलं काय होतं? वालीला असं का मारलं, सीतेला असं का वागवलं, शंबूकाचा गुन्हा काय. रस्त्यावरच्या भांडणात प्रश्न विचारणारा कोण आणि दुखावलेला कोण, एवढंच उरलं. वाली, सीता आणि शंबूक चर्चेतून केव्हाच बाहेर पडले होते. तेव्हापासून प्रत्येक नव्या वादात, नाटक असो, सिनेमा असो की पाठ्यपुस्तकातला धडा, मला हेच होताना दिसतं. मोठ्या माणसाची बाजू घेणारे दोन्हीकडे हजारोंनी असतात. ज्याचं नुकसान झालं त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही.

हिब्रू बायबलच्या पारंपरिक आवृत्तीत पानाच्या मधोमध मूळ ओळी आणि भोवती टीका असतात. रशी हा अकराव्या शतकातला फ्रान्समधला टीकाकार याकोबाला वाचवतो. बापाने कोण म्हणून विचारल्यावर याकोबाचं उत्तर त्याने असं फोडलं: तुम्हाला आणून देणारा मी आहे, आणि एसाव तुमचा थोरला. म्हणजे खोटं बोललाच नाही. त्याच पानावर बाराव्या शतकातला टीकाकार इब्न एज्रा असल्या पळवाटा फेटाळतो. तेराव्या शतकातला रंबान तर याकोबाच्या आजीने, अब्राहामाची बायको सारेने, आपल्या दासीला, हागारेला छळलं तिथे सरळ लिहितो की आपल्या आईने यात पाप केलं, आणि अब्राहामानेही, कारण त्याने तिला करू दिलं. ‘आपली आई’ म्हणून मग पाप म्हणतो. कुणालाही पानाबाहेर काढलेलं नाही, रशीलाही नाही आणि रंबानलाही नाही.

रशीने बचाव का केला, याचाही विचार व्हायला हवा. तो जर्मनीतल्या वर्म्स आणि माइंत्स या गावांत शिकला, आणि १०९६ मध्ये, त्याच्या हयातीतच, तिथल्या ज्यूंची धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी कत्तल केली. याकोब लबाड म्हणून त्याचे वंशजही लबाड, हे युरोपात शतकानुशतकं बोललं गेलं. बाहेरचा माणूस काठी घेऊन उभा असेल तर घरातल्या माणसाच्या चुका मोजायला जीभ रेटत नाही. आपल्याकडेही मिशनरी आपल्या देवांची टर उडवत होते, १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी त्यांना उत्तरं देत होते. आजच्या दुखावलेपणात तो इतिहास आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. पण बाबासाहेब बाहेरचे नव्हते. त्यांना बाहेरचा ठरवणं हाच तर मूळ अन्याय होता.

आणि अमेरिकेतल्या त्या टेबलालाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. याकोबाला इतक्या निर्भयपणे प्रश्न विचारणारी माणसं आजच्या इस्रायलच्या राजकारणाचा विषय निघाला की आवाज खाली आणतात. जुन्या मैत्र्या त्यावरून तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचा न्याय करणं त्या मानाने सोपं, हे तिथलीच एक मुलगी त्यांना तोंडावर बोलली. मला तिचं पटलं.

पण सवय जुन्यापासूनच लागते. आणि ही सवय आपल्याला परकी नाही. महाभारतात युधिष्ठिराचा रथ त्याच्या अर्ध्या खोट्यानंतर जमिनीला टेकतो, गांधारी कृष्णाला तोंडावर शाप देते. जात्यावर दळताना आपल्या आज्या-पणज्यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायल्या, त्यात सीतेचीच बाजू होती, आणि त्याच बायका रामनवमीला पाळणाही म्हणत होत्या. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, १८८० च्या सुमारास मुंबईत मराठीतून कीर्तनं सुरू केली आणि हिब्रू ग्रंथातल्या कथा आपल्या चालीवर गायल्या. भेदभाव करणारा बाप आणि एकमेकांवर उठलेले भाऊ समजून घ्यायला मराठी श्रोत्यांना काही अवघड गेलं नसेल.

अवघड कशाला जाईल? आमच्याच घरात आजोबांच्या जन्मशताब्दीची स्मरणिका निघतेय. चुलतभावाने फोनवर मजकूर वाचून दाखवला. आजोबांनी दुष्काळात विहीर खोदली आणि ती सगळ्या आळीला खुली ठेवली, शाळेला जागा दिली, घरी वारकऱ्यांचा मुक्काम असे. सगळं खरं आहे. धाकटे आजोबा मात्र त्यात कुठेच नाहीत. ते लालबागला गिरणीत होते, पगारातून गावाकडे मनीऑर्डर करत होते. पणजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर आजोबांचं नाव ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून लागलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने. पुढच्या एका फेरफारात ते तीन शब्द गळले, नाव तेवढं राहिलं. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, धाकटे आजोबा बायकोमुलांना घेऊन गावी आले आणि पडवीत दोन दिवस जेवून परत गेले. हे मला आजीने सांगितलं. आजोबांच्या पश्चात, दारं लावून.

चुलतभाऊ म्हणाला, “ताई, गेलेल्या माणसाचं वाईट कशाला काढायचं? आणि तू तिकडे राहतेस, इथे आम्हाला गावात तोंड दाखवायचंय.” दुसरी गोष्ट त्याची खरी आहे. मी विमानात बसून निघून येते, चावडीवरचं बोलणं त्याला ऐकावं लागतं. म्हणून लिहायचं काम मी माझ्या अंगावर घेतलंय, माझ्या नावाने. धाकट्या आजोबांचा नातू कळव्याला असतो, त्याला फोन केला. आधी तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, आजोबांचा गिरणीच्या ओळखपत्रावरचा फोटो आहे, तो चालेल का?

फोटो आलाय. मजकूर दीड पानाचा झालाय, मनीऑर्डरी, फेरफार आणि ते दोन दिवस, एवढंच आहे त्यात. शेवटी वेगळी पुरवणी म्हणून टाकू, असं काका म्हणताहेत. मला ते मान्य नाही. विहिरीचं पान आहे त्याच पानावर, विहिरीच्या शेजारीच तो छापायचा, असं मी त्यांना कळवलंय.