काकांच्या व्हॅनची हवा आणि तो मेसेज

काकांनी निवृत्तीनंतर एक जुनी मिनीबस घेऊन तिची कॅम्पर करून घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. मागे दुहेरी चाकं. एप्रिलमध्ये कोकणात निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला 'टायरची हवा हळूहळू उतरते? घाबरू नका' हा मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मग दहा पॉइंट (पीएसआय) हवा काढून टाकू का?" झोपच उडाली माझी.

मेसेज म्हणतो, उन्हाळ्यात हवा फुगून टायर फुटतो, म्हणून दहा पॉइंट कमीच ठेवा. आपोआप उतरत असेल तर बरंच. कुणाचं डोकं हे? तापली की हवा वाढते, मान्य. 65 पॉइंटला दहा अंशांमागे साधारण अडीच पॉइंट. पण दारावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, ही वाढ त्यात धरलेलीच आहे. फुटतो तो बहुतेकदा कमी हवेचा टायर. तो प्रत्येक फेऱ्याला बाजूने दबतो आणि त्या दबण्यानेच आतून तापत जातो. शिवाय जोडीतलं एक चाक बसलं की त्याचा भार शेजारच्यावर पडतो. आणि कॅम्पर म्हणजे भरलेलं बिऱ्हाड.

'नायट्रोजन भरा, हवा उतरणारच नाही.' साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने 31 प्रकारच्या टायरांत 30 पॉइंट भरून ते वर्षभर बाहेर ठेवले. साध्या हवेचे सरासरी साडेतीन पॉइंट उतरले, नायट्रोजनचे 2.2. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण याच आकड्यांनी मेसेजचा तिसरा मुद्दाही निकालात निघतो: 'जुना टायर थोडी हवा सोडतोच.' सोडतो, पण या चाचणीत वर्षभरात साडेतीनच पॉइंट. काकांचं उजवीकडचं आतलं चाक पंधरा दिवसांत 65 वरून 48 वर आलं होतं!

राहिली थुंकी. 'वॉल्वला थुंकी लावा, बुडबुडा नाही तर गळती नाही.' थुंकीने फार तर वॉल्वची पिन कळते. रिमची गंजलेली कड, वॉल्वच्या बुडाचं चिरलेलं रबर, त्याचं काय?

काकांचं चाक तीन पंक्चरवाल्यांनी हौदात बुडवलं होतं, तिघंही म्हणाले टायर ठीक. मी सकाळी गेलो, चाक न काढताच साबणाचं पाणी ओतलं. टायरवर एकही बुडबुडा नाही. मग आतल्या चाकात हवा भरायला बाहेर काढलेल्या एक्स्टेन्शन नळीच्या नटापाशी साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागून एक, सावकाश. तिघांनीही चाक बुडवण्याआधी ती नळी काढून बाजूला ठेवली होती.

नळी बदलली, आम्ही दुपारी निघालो. गुहागरहून परतल्यावर गार टायरला गेज लावला, 64. काकू म्हणाल्या, "तो मेसेज मी माहेरच्या ग्रुपवर पाठवलाय, आता काय करू?"