मस्टर्ड गॅस आणि शेकडा दोन-तीन मृत्यू : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड गॅस या अंगावर फोड आणणाऱ्या युद्धविषाची बाधा झालेल्यांपैकी शेकडा दोन-तीन सैनिकच दगावले, बाकीच्यांचे फोड भाजल्याच्या जखमांसारखे भरून आले आणि म्हणून माझ्या लेखातील ‘जन्मभराची इजा’ हे शब्द भडक आहेत, असा आपला आक्षेप आहे. आकडा बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

त्या सैनिकांजवळ विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे होते, हे आधी ध्यानात घ्यावे. 2 डिसेंबर 1943 रोजी जर्मन विमानांनी इटलीतील बारी बंदरावर हल्ला केला, तेव्हा ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजावरचा मस्टर्डचा गुप्त साठा फुटून पाण्यावरच्या तेलात मिसळला. अंगाला काय लागले आहे याची रुग्णालयात कोणालाच कल्पना नसल्यामुळे, बाहेर काढलेल्या कित्येक खलाशांना त्याच तेलकट, ओल्या कपड्यांवर घोंगड्या गुंडाळून ठेवण्यात आले. सहाशेहून अधिक बाधितांपैकी 83 जण दगावले. हे प्रमाण शेकडा तेराच्या आसपास जाते.

हे विष काही मिनिटांतच कातडीत मुरून पेशींतील डीएनएला इजा करते, पण आग, लाली आणि फोड कित्येक तासांनी दिसतात. त्यामुळे अंग धुण्याची खरी निकड असते तेव्हा माणसाला काहीच दुखत नसते. त्यावर उतारा नाही. (ल्युइसाइट या दुसऱ्या फोडकारी विषावर डायमरकॅप्रॉल आहे, मस्टर्डवर तेही चालत नाही.) शिवाय मात्रा मोठी असल्यास अस्थिमज्जा (हाडांतील रक्तपेशी बनवणारा मगज) खचून रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. साध्या भाजण्यात असे होत नाही.

राहिला ‘जन्मभरा’चा प्रश्न. 28 जून 1987 रोजी इराकी विमानांनी इराणच्या सरदश्त या गावावर मस्टर्डचे बॉम्ब टाकले. शंभराहून अधिक माणसे मेली, बाधितांची संख्या हजारांत होती. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या श्वासनलिकांच्या बारीक शाखा व्रणांनी आकसत गेल्या आणि खोकला, धाप कायमची मागे लागली. काहींचे डोळे आधी निवळले, पण वर्षानुवर्षांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा पुन्हा सुजून गढूळ झाला. जपानमधील ओकुनोशिमा बेटावर तर हे विष बनवणाऱ्या कामगारांनाच पुढे श्वसनमार्गाच्या कर्करोगाने गाठले.

आपला आकडा मी लेखात घालतो आहे, मुखवट्यांच्या उल्लेखासह. ते दोन शब्द मात्र काढत नाही.