'वाड्यावर या' एवढ्यात सत्तरचे दशक मावत नाही

आमच्या ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर तीन निरनिराळ्या सभासदांनी टाकला आणि तिन्ही वेळा त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्याचा आशय असा: सत्तरच्या दशकातला मराठी सिनेमा म्हणजे तमाशा, मिशीवाला पाटील आणि दादा कोंडके यांचे द्व्यर्थी संवाद, शहरातला सुशिक्षित मराठी माणूस त्याला कंटाळून हिंदीकडे गेला, आणि 'श्यामची आई'पासून 'श्वास'पर्यंतच्या पन्नास वर्षांत मराठी पडद्यावर सांगण्यासारखे काही घडलेच नाही. मजकूर पुढे ढकलणारे बहुतेक जण माझ्याच वयाचे आहेत आणि हे चित्रपट त्यांनीही पाहिलेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी पाटलाचे पाहू, कारण मजकुराचा सगळा भार त्याच्यावर आहे. पुरावा म्हणून निळू फुले यांचे छायाचित्र आणि खाली 'बाई, वाड्यावर या' हे वाक्य दिलेले आहे. हे वाक्य त्यांना इतके चिकटले आहे की आमच्या गणेशोत्सवातल्या नकलांच्या कार्यक्रमात कोणी तरी धोतराचा सोगा हातात धरून आणि मान तिरकी करून ते म्हटल्याशिवाय वर्ष सरत नाही. असा साचा होता आणि 'एक गाव बारा भानगडी'तल्या (1968) झेलेअण्णानंतर फुले यांच्या वाट्याला त्या साच्यातल्या भूमिका भरपूर आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु 1975 मध्ये विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी तोच पाटील आणि तोच वाडा घेऊन 'सामना' केला, हे मजकूर लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे वगळले आहे. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील कोणाचा हात धरत नाही की आवाज चढवत नाही. साखर कारखान्यासह सारा परिसर ज्याच्या मुठीत आहे असा हा सहकारातला पुढारी एका दारुड्या, हरलेल्या गांधीवादी मास्तरला आपणहून वाड्यावर आणतो, जेवू घालतो आणि त्याचा पेला रिकामा राहू देत नाही. डॉ. श्रीराम लागू यांनी रंगवलेला हा मास्तर मात्र एकच प्रश्न विचारत राहतो: 'मारुती कांबळेचं काय झालं?' गेल्या रविवारी मी हा चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा मास्तरपेक्षा यजमानाकडेच अधिक लक्ष गेले. प्रश्न जितक्या वेळा येतो तितका त्याचा पाहुणचार थोडा थोडा आक्रसत जातो, आणि फुले हे सगळे मोठ्या संवादांविना, नजरेच्या आणि थांबण्याच्या जोरावर दाखवतात. 'सामना' बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. नकलेसाठी या चित्रपटातले वाक्य कोणी निवडत नाही, कारण ते म्हटल्यावर हसू येत नाही.

याच फुले यांनी 1979 मध्ये, अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या 'सिंहासन'मध्ये, दिगू टिपणीस हा पत्रकार उभा केला. इथे ना वाडा आहे ना मिशीचा तोरा. सत्तेचा खेळ फार जवळून पाहावा लागल्याने शेवटी ज्याचा तोल जातो, असा हा मुंबईतला एक थकलेला माणूस आहे. आणि मुख्यमंत्री झाले आहेत ते तमाशापटांतून लोकप्रिय झालेले अरुण सरनाईक. तमाशापटांचे नट म्हणून ज्यांना एका फटकाऱ्यात मोडीत काढले जाते, त्यांची ताकद एवढी होती.

दादा कोंडके यांच्याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण इथे मजकुरात अर्धे सत्य आहे. पुढच्या काळात त्यांच्या चित्रपटांची नावेच अशी येऊ लागली की मुलीला घेऊन पोस्टरसमोरून जाताना मी पावले उचलत असे. परंतु 'सोंगाड्या' (1971) वसंत सबनीस यांनी लिहिला होता आणि त्यातला चावटपणा लोकनाट्याच्या बतावणीतून, म्हणजे त्यातल्या विनोदी संवादांच्या भागातून आलेला आहे, जिथे भोळा दिसणारा माणूस शहाण्यांची फजिती करतो. 'पांडू हवालदार' (1975) तर खेड्यातलाही नाही.

हिंदीकडे गेलेल्या सुशिक्षितांचा मुद्दा मला सर्वांत गमतीचा वाटतो. मुंबईतल्या अपुऱ्या जागेत नव्या जोडप्याला एकांत कसा मिळायचा, या प्रश्नावरचा राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' 1970 मध्ये आला आणि त्यावरूनच बासू चटर्जी यांनी 1972 मध्ये 'पिया का घर' केला. नौपाड्यातल्या दोन खोल्यांत आठ माणसांसोबत वाढलेल्यांना ही गोष्ट हिंदीतून कळण्याची गरज नव्हती. 'रजनीगंधा'मुळे (1974) घरोघर पोहोचलेले अमोल पालेकर त्याआधी सत्यदेव दुबे यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1971) या मराठी चित्रपटात दिसले होते. आणि घरासाठी साठवलेले पैसे बुडालेल्या जोडप्याच्या 'घरौंदा'मध्ये (1977), जो पाहताना ठाण्यातल्या निम्म्या फ्लॅटधारकांच्या पोटात आजही गोळा येईल, पालेकरांसमोर उभे आहेत ते 'सामना'तले मास्तरच. ज्याला कंटाळून मंडळी हिंदीकडे गेली, तोच मराठी नट तिथे त्यांच्या आधी जाऊन पोहोचला होता.

राहिला पन्नास वर्षांचा हिशेब. सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'श्यामची आई'नंतर मराठीला 'श्वास'मुळेच मिळाला, एवढे खरे आहे; त्यावरून मधला सगळा काळ कोरा ठरवायचा असेल तर त्याच काळातला 'जैत रे जैत'ही (1977) पुसावा लागेल. ना. धों. महानोर यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि स्मिता पाटील यांची चिंधी त्यात आहे. त्यातले 'मी रात टाकली' हे गाणे गेल्याच महिन्यात, सूर्योदयाच्या चित्रासह आणि 'असे सिनेमे आता होत नाहीत' या शेऱ्यासह, आमच्या ग्रुपवर आले होते. पाठवणारे सभासद त्या तिघांपैकीच एक होते.