गणिताच्या आधीची ओळ

इंजिनिअरिंगच्या प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्सच्या पेपरबद्दल दोन वाक्यं ठरलेली असतात. सीनिअर सांगतात, "स्कोअरिंग आहे, सूत्रं पाठ कर, टेबल बघायला शीक, निघून जाईल." आणि पेपर निघून गेल्यावर सगळेच म्हणतात, "हे पुढे कुठे लागतं?" दोन्ही मला पटत नाहीत. का, ते जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

या पेपरातलं गणित खरोखर सोपं आहे. डिफरन्शिअल इक्वेशन्स झेपलेल्या पोराला इथले गुणाकार आणि एखाददुसरं इंटिग्रेशन म्हणजे डाव्या हातचा मळ. अवघड असते ती गणिताच्या आधीची ओळ. "या घटना स्वतंत्र आहेत असे माना." "वितरण नॉर्मल आहे असे माना." "नमुना रँडम आहे असे माना." प्रश्नपत्रिकेत ती आयती छापून येते, म्हणून तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. कामावर गेल्यावर ती कोणी छापून देत नाही. ती आपणच लिहायची आणि खाली सहीही आपणच करायची. पुढचं उत्तर तर हल्ली सॉफ्टवेअर सेकंदात काढून देतं.

स्वतंत्र घटनांचंच घ्या. वर्गात त्यांच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो: दोन घटना स्वतंत्र असतील, म्हणजे एकीचा दुसरीवर परिणाम होत नसेल, तर संभाव्यतांचा गुणाकार करा. संपलं. आता ५ मे १९८३ ची गोष्ट ऐका. ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं ट्रायस्टार विमान मायामीहून नासाऊला निघालं होतं. एका उड्डाणात एक इंजिन बंद पडायची शक्यता हजारात एक आहे असं घटकाभर धरू. मग वर्गातल्या हिशेबाने तिन्ही बंद पडायची शक्यता शंभर कोटींत एक. एवढी लहान शक्यता पाहिली की माणूस निर्धास्त होतो. त्या दिवशी तिन्ही इंजिनं बंद पडली.

झालं होतं असं की, उड्डाणाआधीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले गेले. तेलात धातूचे कण येतात का हे बघणारा हा छोटासा भाग. तो बसवताना त्याच्याबरोबर रबराची ओ-रिंग लागते, आणि ती तिन्ही ठिकाणी बसवायची राहिली. हवेत गेल्यावर तिन्हीकडून तेल गळायला लागलं. वैमानिकांनी एक इंजिन आधी बंद करून विमान माघारी वळवलं, तेवढ्यात उरलेली दोन्ही गेली. शेवटी आधी बंद केलेलंच इंजिन पुन्हा सुरू झालं आणि विमान मायामीला उतरलं. सगळे वाचले.

इंजिनं तीन होती, पण तिन्हींच्या बिघाडाचं कारण एकच. शंभर कोटींचा आकडा गणित म्हणून बरोबर आणि इंजिनिअरिंग म्हणून कवडीमोलाचा. आज दोन इंजिनांची विमानं समुद्रावरून लांबच्या वाटेने जातात, तेव्हा दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच माणसाने एकाच वेळी करायचं नाही, असा दंडक असतो. मला यातलं महत्त्वाचं काय वाटतं सांगू? स्वतंत्रता नुसती मानून चालत नाही, ती राबून तयार करावी लागते. दोन पंप लावले आणि दोघांना वीज एकाच पॅनलमधून दिली, तर तो गुणाकार करायचा हक्क आपण घालवून बसलेलो असतो. हे पाठ्यक्रमात कुठे आहे? मला तरी सापडलेलं नाही.

फासे, पत्ते आणि पिशवीतले लाल-निळे चेंडू यांच्यावर माझा राग नाही. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो जुगारातल्या डावाची रक्कम कशी वाटायची यावरूनच. पण फाशात एक खोट आहे. दुसरा फासा पहिल्याकडे बघून पडत नाही. स्वतंत्रता तिथे फुकट मिळते. अर्धं सेमिस्टर फाशांवर घालवलं की मुलांना वाटायला लागतं, जगात सगळीकडेच ती फुकट मिळते.

आता दुसरी ओळ, नॉर्मल वितरणाची, म्हणजे बहुतेक आकडे सरासरीजवळ आणि दोन्हीकडे सारखेच कमी होत जाणारे, घंटेच्या आकाराचा वक्र. सिव्हिलवाल्यांना मिक्स डिझाइन करताना, म्हणजे काँक्रीटमधल्या मालाचं प्रमाण ठरवताना, १.६५ हा आकडा भेटतो. बहुतेक जण तो कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमपुस्तकात, दिलाय म्हणून वापरतात आणि पुढे जातात. २५ मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट हवं, म्हणजे २८ दिवसांनी फोडलेल्या क्यूबची (तपासणीसाठी भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) सरासरी २५ यावी असं नव्हे. सरासरी २५ आली तर जवळपास निम्मे क्यूब २५ च्या खाली गेले! अपेक्षा अशी असते की शंभरातले पाचच्या वर क्यूब २५ च्या खाली जाऊ नयेत. नॉर्मल वक्राच्या डाव्या टोकाला पाच टक्के क्षेत्रफळ सोडायचं तर सरासरीपासून १.६४५ स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) मागे यावं लागतं. तोच हा १.६५. पेपरात ज्या टेबलात बोट फिरवत झेड शोधलेला असतो, त्याच टेबलातून आलेला.

आता साइटवरचा विखुरलेपणा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ४ असेल तर सरासरी २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६ ठेवावी लागते. वाळूची ओल कोणी मोजत नाही, पाणी अंदाजाने पडतंय आणि विखुरलेपणा ६ झालाय? मग ३४.९. तो ३.३ चा फरक सिमेंटच्या रूपाने आपल्या खिशातून जातो. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे वर्गमुळाखालचं ते किचकट सूत्र, एवढीच ओळख घेऊन जी मुलं बाहेर पडतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की ढिसाळ कामाचं बिल याच आकड्यावर फाडलं जातं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी तिसरी ओळ आहेच: नमुना. क्यूब भरताना चार माणसं उभी राहून प्रेमाने ठोकून भरणार, आणि स्लॅबमध्ये तेच काँक्रीट नीट सरकत नाही म्हणून वरून पाणी ओतणार. मग प्रयोगशाळेतला निकाल क्यूबचा असतो, स्लॅबचा नसतो. कितीही दशांश स्थळांपर्यंत काढा.

हार्ड डिस्कच्या कागदावर 'एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १० लाख तास' लिहिलेलं असतं, त्याचंही थोडक्यात सांगतो. १० लाख तास म्हणजे सुमारे ११४ वर्षं. डिस्क ११४ वर्षं चालेल असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. बिघाडाचा दर स्थिर आहे असं मानलं, तर हजार डिस्क वर्षभर चालवल्यावर त्यातल्या नऊएक जातील, एवढंच तो आकडा सांगतो. आणि 'दर स्थिर आहे' ही पुन्हा आधीची ओळ. कोवळेपणी आणि म्हातारपणी ती लागू पडत नाही.

पण या विषयाचं पहिलं लेक्चर मला घ्यायला दिलं, तर मी चॅलेंजर या अमेरिकन अवकाशयानाने सुरुवात करेन. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी यान सुटलं तेव्हा तापमान होतं ३६ फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम २ सेल्सिअस. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते फुटलं, सातही अंतराळवीर गेले. कारण पुन्हा ओ-रिंगच, या वेळी बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली, थंडीने कडक झालेली. आदल्या रात्री नेमकी याच विषयावर बैठक झाली होती. कंत्राटदार कंपनीच्या इंजिनिअरांनी आधी 'उडवू नका' असंच सांगितलं होतं. आकडेही समोर होते. पण तुलना झाली ती ज्या उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली होती तेवढ्याच उड्डाणांची. ती उड्डाणं ५३ ते ७५ फॅरनहाइटपर्यंत पसरलेली. म्हणजे थंडीतही इजा, उबेतही इजा. मग तापमानाचा संबंध काय?

ज्या उड्डाणांत काहीच झालं नव्हतं, ती कागदावर घेतलीच नव्हती. नंतरच्या चौकशी आयोगाने ती घेतली आणि चित्र पालटलं. ओ-रिंगचं तापमान ६६ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असताना वीस उड्डाणं, त्यातल्या तिनांत इजा. ६३ किंवा त्याखाली चार उड्डाणं, चारही इजा झालेली. इथे रिग्रेशन नको, पी-व्हॅल्यू नको, कॅल्क्युलेटरसुद्धा नको. काही न घडलेल्या दिवसांचे ठिपके ग्राफवर टाकायला हवे होते. बिघाड झाला की त्याची फाइल होते, सुरळीत गेलेल्या दिवसाची कोण करतो? त्यामुळे ही चूक कुठल्याही कारखान्यात आजही सहज होऊ शकते.

हायपोथेसिस टेस्टिंगबद्दल, म्हणजे दिसलेला फरक खरा की योगायोग हे तपासण्याबद्दल, माझं मत कडू आहे, ते पटकन उरकतो. नुसत्या योगायोगाने तसा फरक दिसायची शक्यता ०.०५ च्या खाली असली की तो 'सिग्निफिकंट' म्हणायचा, ही मर्यादा काही आकाशातून पडलेली नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे तिचं सोवळं झालं. मुलं 'नल हायपोथेसिस रिजेक्टेड' (म्हणजे 'फरक नाही' हे गृहीतक फेटाळलं) असं सत्यनारायणाच्या पोथीसारखं म्हणतात आणि उठतात. वीस निरुपयोगी बदल तपासले, तर त्यातला निदान एक 'सिग्निफिकंट' निघायची शक्यता ६४ टक्के असते (चाचण्या स्वतंत्र मानून, बरं का). हे एकदा वर्गात करून दाखवलं तर कितीतरी प्रोजेक्ट रिपोर्ट सुधारतील. टी-टेस्ट मात्र मला मनापासून आवडते. ती गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ मध्ये मांडली. हाताशी चार-पाचच नमुने असताना कितपत ठाम बोलावं, हा त्यांचा रोजचा कामातला प्रश्न होता. इंजिनिअरचाही तोच असतो.

आणि चार-पाच नमुन्यांचाच विषय निघालाय, तर लॅब जर्नल. पाच रीडिंग घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, आणि ती पुस्तकातल्या किमतीशी जुळली नाही तर रीडिंग 'सुधारायची' ही कला प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला सोपवते. खरी रीडिंग एकमेकांच्या इतकी जवळ कधीच येत नाहीत, हे शिक्षकांनाही कळतं. विखुरलेपणा म्हणजे चूक आणि चूक म्हणजे मार्क कापणार, हे पोरांना पहिल्या वर्षी शिकवायचं आणि पुढे त्याच विखुरलेपणावर शंभर मार्कांचा पेपर ठेवायचा, हा उद्योग कुणाला विचित्र कसा वाटत नाही?

मी शिक्षक नाही, त्यामुळे फुकटचा सल्ला देणं सोपं आहे, हे मान्य. तरी दोन मागण्या करतो. सगळ्या बॅचेसची एकाच प्रयोगाची न सुधारलेली रीडिंग घ्या आणि एका ग्राफवर टाका. कुठल्या टेबलावरच्या मायक्रोमीटरला झिरो एरर आहे, म्हणजे तो शून्यालाच चुकीचा आकडा दाखवतो, ते पोरं स्वतः शोधून काढतील. आणि परीक्षेत एक प्रश्न असा ठेवा, ज्यात आकडे सगळे दिलेत पण 'असे माना' ही ओळ काढून टाकली आहे. ती ओळ विद्यार्थ्याने लिहायची, आणि ती केव्हा खोटी ठरेल तेही लिहायचं. पाच मार्क पुरेत. उत्तर काढलं नाही तरी चालेल.